लिहून द्या, साहेब

दुर्पताबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या काखेत आमच्या विभागाचा बोर्ड होता.

वाशीम जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात मी समुपदेशक म्हणून नुकतीच रुजू झाले होते. एचआयव्हीच्या तपासणीसाठी येणाऱ्यांशी आधी बोलायचं, तपासणीनंतर बोलायचं आणि औषधं सुरू झाली की ती चुकत नाहीत ना हे पाहायचं, असं माझं काम. अमरावतीत शिकलेली, पंचविशीतली मी, टेबलावर पत्रकांचे गठ्ठे नीट मांडून माणसांची वाट पाहत बसायची. माणसं फारशी येत नसत.

त्या दिवशी दारात एक बुटकी, काळीसावळी, पंचेचाळिशीची बाई उभी राहिली. अंगावर फिकट साडी, पायात पुरुषी चपला, खांद्याला रेक्झिनची पिशवी. तिनं काखेतला पत्र्याचा बोर्ड माझ्या टेबलावर आडवा टाकला. निम्मी पत्रकं खाली गेली.

"हा घ्या तुमचा बोर्ड. गेटापाशी पडला होता."

"पडला? कसा काय?"

"मीच पाडला."

बोर्डावर लाल रंगात वीतभर उंचीची 'एड्स' ही अक्षरं होती आणि खाली आमच्या खोलीकडे वळणारा बाण.

"या बाणाच्या मागंमागं कोन येईन, मॅडम? समोर चहाची टपरी हाय. सारी दुनिया तिथी बसून पाह्यते, कोन इकडं वळलं ते. मी आता अर्धा घंटा उभी होती. दोन बाया आल्या, बोर्ड पाह्यला अन् वापस गेल्या. एक तं पोटुशी होती."

मी म्हटलं, बोर्ड सरकारी आहे, काढायचा तर वरून परवानगी लागेल.

"मंग मागा परवानगी. तवरोक हा कपाटामागं ठेवा." त्यांनी दाराच्या चौकटीकडे पाहिलं. "या खोलीचा नंबर काय हाय?"

"अकरा."

"बस. अकरा नंबर म्हनाचं."

दुसऱ्या आठवड्यापासून माणसं 'अकरा नंबर कुठं आहे' असं विचारत यायला लागली. साहेबांनी एकदा बोर्डाची चौकशी केली, तेव्हा मी 'वाऱ्यानं पडला' असं सांगितलं. नोकरीतलं माझं ते पहिलं खोटं. परवानगी कधी आली नाही आणि बोर्डही कपाटामागून कधी निघाला नाही.

दुर्पताबाई मेडशीजवळच्या एका खेड्यातल्या. नवरा ट्रकवर होता. तो आजारी पडला, गेला, मग यांची तपासणी झाली. त्यानंतर सासरच्यांनी त्यांना पोरासकट बैलांच्या गोठ्यात राहायला लावलं. हे सगळं त्यांनी मला एकदाच, चहा पितापिता, एवढ्याच शब्दांत सांगितलं. मी पुढे काही विचारणार तोच म्हणाल्या, "गोठा चांगला होता. हवा लय येये." औषधं सुरू झाल्यावर त्या पुन्हा उभ्या राहिल्या, सोयाबीन कापायला, तुरी निंदायला जाऊ लागल्या. पुढे एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसांच्याच एका छोट्या मंडळानं त्यांना गावोगाव फिरण्याचं काम दिलं. औषध सोडलेल्यांना परत आणायचं, घाबरलेल्यांना तपासणीला आणायचं. कामाच्या कागदावर त्यांचं पद इंग्रजीत होतं. त्यांनी ते कधी उच्चारलं नाही. 'रुग्ण' हा शब्दही त्यांच्या तोंडी नव्हता. त्या 'आपली मानसं' म्हणत.

स्वतःचा आजार मात्र त्यांनी लपवला नव्हता. गावात कुजबुज वाढली तेव्हा त्या सरळ ग्रामसभेत गेल्या. नाली आणि रस्त्याचे विषय संपले, सरपंचांनी रिवाजाप्रमाणे 'आणखी कोणाचा काही विषय?' असं विचारलं, आणि या उभ्या राहिल्या. "माह्या बिमारीचा विषय हाय. तुमी सारे पाठीमागं बोलून राह्यले. आज समोर इचारून घ्या." एका म्हाताऱ्यानं विचारलं, मच्छरानं होते का? दुसऱ्यानं विचारलं, हापशाच्या दांड्यानं होते का? त्या तासभर उत्तरं देत होत्या, असं त्यांच्या गावच्या ग्रामसेवकानं मला सांगितलं. तो म्हणाला, इतकी भरलेली ग्रामसभा पुन्हा झाली नाही.

"तुम्हाला भीती नाही वाटली?" मी त्यांना विचारलं होतं.

"लपवायचं म्हनजे रोज ध्यानात ठेवा लागते, कोनाले काय सांगतलं ते. माह्या डोक्यात तेवढी जागा नाही, मॅडम."

दुसऱ्यांच्या लपवण्याची मात्र त्यांना कमालीची कदर होती. औषधाची प्लॅस्टिकची बाटली पिशवीत खुळखुळते, आणि त्या आवाजानं घरात विचारणा होते, म्हणून कित्येक बाया औषध घरी न्यायलाच घाबरत. आमच्या प्रशिक्षणात याबद्दल कुणी काही शिकवलं नव्हतं. दुर्पताबाईंच्या पिशवीत सरकी काढलेला मूठभर कापूस असायचा. बाई बाहेर आली की तिची बाटली उघडायची, वर कापूस दाबायचा, झाकण लावायचं आणि तिच्या कानाशी हलवून दाखवायची.

"आला का आवाज?"

"नाही, मावशी."

"मंग ने बिनधास्त."

गोळी रोज ठरल्या वेळी घ्यायची असते. मी बायांना 'रात्री नऊ वाजता' असं सांगायची. त्या माना हलवायच्या. दुर्पताबाई त्यांना बाहेरच्या बाकावर घेऊन बसत आणि घरात काय काय चालतं ते विचारत. मग प्रत्येकीची वेळ वेगळी ठरे. कुणाची देवळातली आरती झाली की, कुणाचं दूध डेअरीवर घालून आलं की. एका नव्या सुनेला त्यांनी सांगितलेलं मी खिडकीतून ऐकलं होतं. "तुह्या सासूची मालिका लागली का गोळी घेजो. त्या टायमाले ती मान वर करत नाही." ती पोरगी पदर तोंडाला लावून हसली. आमच्या खोलीत येऊन कुणी हसल्याचं मी तोवर पाहिलं नव्हतं.

दुर्पताबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. तरी त्यांच्या पिशवीत एक दोनशे पानी वही आणि निळा पेन कायम असे. आधी मला वाटलं, सही घेण्यासाठी असेल. तो पेन कशासाठी आहे, हे मला कविताच्या बाळंतपणात कळलं.

कविता बावीस वर्षांची, एका वाडीवरची. पोटुशी असतानाच तिचा आजार कळला होता. नऊ महिने तिनं एकही गोळी चुकवली नव्हती, त्यामुळे बाळ सुखरूप असण्याची आम्हाला पुरेपूर आशा होती. कळा सुरू झाल्यावर घरच्यांनी तिला जवळच्या एका दवाखान्यात नेलं. भर दुपारी मला फोन आला. "मॅडम, या." एवढंच बोलून दुर्पताबाईंनी फोन ठेवला. मी स्कूटी काढली.

जाऊन पाहते तर कविता व्हरांड्यातल्या बाकावर कण्हत पडलेली, तिची आई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली, आणि दुर्पताबाई प्रसूतीच्या खोलीच्या दारात फरशीवर मांडी घालून बसलेल्या. समोर एक तरुण डॉक्टर घामाघूम होऊन उभा होता.

"मावशी, आमच्याकडे सोय नाही हो. अकोल्याला घेऊन जा. मी गाडी सांगतो."

"कायची सोय नाही?"

"अशा केसची."

"हातमोजे हायेत का?"

"आहेत."

"गरम पानी?"

"आहे."

"बाई अडली तं नाही ना? डोकं खाली हाय, असं शिस्टर म्हने."

डॉक्टर म्हणाला, "तुम्हाला समजत नाही. रिस्क असते."

"बरं." दुर्पताबाईंनी पिशवीतून वही काढली, कोरं पान उघडलं, पेनाचं टोपण काढलं आणि दोन्ही वस्तू त्याच्यापुढे धरल्या. "लिहून द्या, साहेब."

"काय लिहून देऊ?"

"या बाईले ही बिमारी हाय म्हनून मी तिले हात लावत नाही, असं लिहा. खाली तुमचं नाव. आजची तारीख टाका. किती वाजले तेही टाका."

"तुम्हाला वाचता येतं का?"

"नाही येत. वाचनारे लय हायेत."

मी पुढे होऊन कायद्याबद्दल काही बोलणार होते. दुर्पताबाईंनी हातानंच मला थांबवलं. डॉक्टरनं खरंच पेन घेतला. वही हातावर टेकवून त्यानं लिहायला सुरुवात केली. तीन-चार शब्द लिहिले असतील. तेवढ्यात कविता ओरडली. तो थांबला. त्यानं आपलंच अक्षर एकदा वाचलं, ते पान टरकन फाडलं, घडी करून खिशात घातलं आणि सिस्टरला म्हणाला, "ग्लोव्हज काढा."

सव्वातासानं मुलगी झाली. डॉक्टर बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता, बहुधा त्यालाच स्वतःचं नवल वाटत असावं. दुर्पताबाई उठल्या, पदर सावरला आणि हात पुढे केला.

"साहेब, पेन."

तो त्याच्या खिशातच राहिला होता.

दीड वर्षानं त्या मुलीची शेवटची तपासणी झाली. तिला काहीही नव्हतं. त्या दिवशी दुर्पताबाई उकडलेल्या तुरीच्या शेंगांचं टोपलं घेऊन आल्या आणि सबंध दवाखान्यात वाटत सुटल्या. शिपायानं विचारलं, कशाच्या? तर म्हणाल्या, "तुरीच्या." आणि तो डॉक्टर पुढे स्वतःहून मला फोन करायला लागला. "मॅडम, आमच्याकडे एक बाई आली आहे, घाबरली आहे. तुमच्या मावशींना पाठवता का?"

पुढे मीही पाहिलं, तो पेन शाळेत निघाला, रेशनच्या दुकानात निघाला, एका पतसंस्थेच्या व्यवस्थापकासमोर निघाला. तोंडानं 'नाही' म्हणणारी माणसं खूप होती. त्या सगळ्या वर्षांत त्या वहीत पुरं वाक्य एकानंही लिहून दिलं नाही.

पण प्रत्येक गोष्ट दारात बसून सुटत नसे. बाळू आणि सुनंदा या नवरा-बायकोची औषधं दोन महिने थांबली होती. दोघंही ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात गेलेले. फोन बंद. मी माझ्या रजिस्टरात 'संपर्क नाही' असं लिहून मोकळी झाले होते. दुर्पताबाईंनी गावातून मुकादमाचं नाव काढलं, त्यावरून कारखान्याचं, आणि डॉक्टरांचं पत्र व दोघांची औषधं घेऊन तीन बस बदलत तिकडे गेल्या.

तिथे काय झालं ते मला नंतर सुनंदानं सांगितलं. मावशी अचानक उसाच्या फडात येऊन उभ्या राहिल्या. मुकादमानं विचारलं तर म्हणाल्या, सुनंदाची मावशी आहे, भाचीची आठवण आली. बाळू घाबरून पांढरा पडला. कोपीत, म्हणजे त्यांच्या झोपडीत आल्यावर तो हळू आवाजात म्हणाला, "मावशी, वापस जा. इथी समजलं तं आमची कोपी बाजूले टाकतीन. पुढच्या साली कोनी कोयता देनार नाही, कामच जाईन."

दुर्पताबाईंनी पिशवी कोपीतच ठेवली. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या सगळ्यांसोबत फडात गेल्या आणि मोळ्या बांधू लागल्या. सुनंदानं गोळ्या पहिल्याच दिवशी सुरू केल्या. बाळू मान वळवायचा. तीन दिवस असं चाललं. चौथ्या दिवशी ऊस गाडीत भरताना बाळूला चक्कर आली, अंगात ताप होता. गाडीला लावलेल्या फळीवरून डोक्यावर मोळी घेऊन चढायचं असतं. भल्याभल्यांचे पाय थरथरतात. बाळूची पाळी होती. दुर्पताबाईंनी साडीचा काचा मारला, डोक्यावर चुंबळ ठेवली आणि त्याच्या जागी चढल्या. एकदा नाही, गाडी भरेपर्यंत.

संध्याकाळी चुलीपाशी त्या बाळूसमोर बसल्या.

"तुह्यं वय किती?"

"बत्तीस."

"मी तुह्याहून वीस वर्सानं मोठी. अन् माह्यी बिमारी तुह्याहून जुनी. आज मोळी कोनं चढवली?"

सुनंदा म्हणाली, शेवटी बाळूनं तळहात पुढे केला. मावशींनी त्यावर गोळी ठेवली आणि पाण्याचा तांब्या दिला.

परत येण्याआधी बाजाराच्या दिवशी त्या दोघांना तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेल्या आणि हंगाम संपेपर्यंत औषधं तिथूनच मिळतील अशी व्यवस्था लावून आल्या. मला म्हणाल्या, "मॅडम, मान दुखून राह्यली. मलम हाय का काही?" एवढाच त्यांचा अहवाल.

त्यांच्याबद्दल सांगताना एक गोष्ट वगळावी असं मला वाटत होतं. पण मग त्या अर्ध्याच राहतील.

त्यांचा मुलगा गजानन कारंज्याला मोबाइलच्या दुकानात कामाला होता. त्याला आजार नव्हता. अनसिंगची एक मुलगी त्याला सांगून आली. मुलगी मायलेकांना पसंत पडली, साखरपुडा झाला. मुलीकडच्यांना दुर्पताबाईंचं काही माहीत नव्हतं. गजानन आईला म्हणाला, "आई, तू एक डाव गप राह्य. लग्न होऊ दे, मंग मीच सांगतो तिले." नातेवाइकांनीही तेच सांगितलं. मलाही मनातून तेच वाटत होतं. पोराला आजार नाही, मग लपवलं तर बिघडलं कुठे?

दुर्पताबाई दुसऱ्या दिवशी एकट्याच बसनं अनसिंगला गेल्या. मुलीची आई ओसरीत तुरीची डाळ निवडत बसली होती. या तिच्याशेजारी बसल्या, चार मुठी डाळ निवडली आणि सगळं सांगून टाकलं. तिनं चहा ठेवला होता. तो तसाच राहिला. दोन दिवसांनी मुलीचा मामा येऊन साडी आणि नारळ परत देऊन गेला.

गजाननानं कारंज्याची नोकरी सोडली आणि पुण्याला गेला. दीड वर्ष त्यानं आईला फोन केला नाही. दुर्पताबाईंचं काम तसंच चालू होतं, किंबहुना वाढलंच होतं. पण एके दुपारी माणसं पांगल्यावर त्या माझ्यासमोरच्या खुर्चीत बसल्या आणि पहिल्यांदाच मला त्या थकलेल्या दिसल्या.

"मॅडम, पोराच्या बाबतीत चुकलं का माह्यं?"

मी हातातलं रजिस्टर मिटलं.

"मी रोज दुसऱ्याच्या पोरीले सांगते का लग्नाच्या आंधी खरं सांगजो. माह्या घरचं आलं तं गप कशी राहू? पन त्यानं तं मले सल्ला मांगितला नव्हता. त्याचं आयुष्य होतं ते." मग म्हणाल्या, "त्याच्या लहानपनी गोठ्यात त्याले घेऊन झोपत होती. तवाही त्यानं कधी तक्रार नाही केली."

मी त्यांना 'तुम्ही बरोबर केलंत' असं म्हणायला हवं होतं का, हे मला आजही ठरवता येत नाही. त्या उठल्या, तोंडावर पाणी मारलं आणि साडेतीनच्या गाडीनं मेडशीकडे गेल्या. तिथे एक म्हातारा औषध घ्यायला तयार नव्हता.

पुढे गजाननचा फोन आला. त्याच्याच कंपनीतल्या एका मुलीशी त्यानं लग्न ठरवलं होतं. तिला त्यानं पहिल्याच भेटीत आईचं सांगितलं होतं, असं तो म्हणाला. दुर्पताबाईंनी हे मला खिडकीकडे तोंड करून सांगितलं आणि लगेच, माझं कपाट किती धुळीनं भरलंय यावरून मला पाच मिनिटं रागावल्या.

नंतर माझी बदली दुसऱ्या जिल्ह्यात झाली. फोनवर बोलणं होई, तेही कामापुरतं. गेल्या वर्षी, तुरीची मळणी उरकल्यानंतरच्या दिवसांत, त्यांच्या सुनेचा फोन आला. दुर्पताबाई सकाळी गावाला जायला निघाल्या होत्या, चपला घालताघालता दारातच बसल्या आणि गेल्या. डॉक्टर म्हणाले, हृदय.

मी तेरवीला गेले. अंगणात मांडव होता आणि माणसं येतच होती. मेडशीची, मालेगावकडची, कारंज्याची. बहुतेक बाया, काहींसोबत नवरे. गजानन प्रत्येकाला विचारत होता, "तुमी कोन?" आणि प्रत्येकाचं उत्तर एकच होतं, "मावशीची ओळख होती." त्या गावात दुर्पताबाईंचा आजार सगळ्यांना माहीत होता. त्यांच्या ओळखीनं इथे येणं म्हणजे गावच्या नजरेसमोर उभं राहणं, हे त्या बायांनाही ठाऊक होतं. तरी त्या आल्या होत्या. कविता लेकीचा हात धरून आली होती. बाळू-सुनंदा पंगतीत वाढत होते. तो डॉक्टर मोटारसायकल लावून मांडवाच्या कडेला उभा होता. तिसऱ्या-चौथ्या माणसानंतर गजाननला समजलं. त्यानं विचारणं बंद केलं आणि घरच्यांच्या पंगतीत त्यांची पानं मांडायला सांगितली.

मला मात्र त्या आठवतात त्या जाण्याच्या तीन महिने आधीच्या.

एका मैत्रिणीच्या लग्नासाठी मी कारंज्याला आले होते. परतीच्या गाडीची वाट पाहत स्टँडवर उभी होते. समोर वाशीमची गाडी लागलेली, माणसांनी गच्च भरलेली. खिडकीत मला दुर्पताबाई दिसल्या. केस बरेच पांढरे झालेले, मांडीवर तीच पिशवी. वर्षभरात मी त्यांना पाहिलं नव्हतं. मी गर्दीतून पुढे झाले आणि जोरात हाक मारली, "दुर्पताबाई!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं. चेहऱ्यावर ओळखीची रेषसुद्धा उमटली नाही. एखाद्या परक्या बाईकडे पाहावं तसं पाहिलं आणि मान फिरवली.

मी जागीच थांबले. क्षणभर मला रागही आला. मग त्यांच्या शेजारी बसलेली मुलगी दिसली. हातात नवा चुडा, तोंडाला डोळ्यांपर्यंत ओढणी, आणि त्या डोळ्यांत जी भीती होती ती मी त्या खोलीत बसून शेकडो वेळा पाहिली होती. आत्ताच एका माणसानं मला 'काय मॅडम, दवाखाना सोडला का?' असं विचारत नमस्कार केला होता. त्या भागात मला ओळखणारे बरेच जण होते आणि मी कोणत्या कामाची मॅडम हेही त्यांना माहीत होतं. मी खिडकीपाशी जाऊन दोन शब्द बोलले असते, तर गाडीतल्या माणसांनी आधी माझ्याकडे, मग दुर्पताबाईंकडे आणि मग त्या मुलीकडे पाहिलं असतं.

मी पर्समध्ये काहीतरी शोधल्यासारखं केलं आणि दोन पावलं मागे आले.

कंडक्टरनं घंटी दिली. गाडी सुरू झाल्यावर त्या मुलीनं दचकून समोरचा दांडा धरला. दुर्पताबाईंनी आपला हात तिच्या पाठीमागे सीटवर टाकला आणि पुढे रस्त्याकडे पाहत बसल्या. गाडी फाटकातून बाहेर पडून वळेपर्यंत मी तिथेच उभी होते. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही.